आठ महिने ग्लोबल सिक्युरिटी: नागपुरातून, रात्री साडेदहानंतर

ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा एमए ग्लोबल सिक्युरिटी, ऑनलाइन, दोन वर्षांचा. सप्टेंबरात सुरू केला, आता मे चालू आहे. विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे.

मी मिहानकडच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत डॉक्युमेंटेशन बघतो. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्राचा विभाग आहे, दिल्लीला जेएनयू आहे, पण नोकरी आणि घरी एकटी आई सोडून जाणं जमणारं नव्हतं.

आधी वेळेचं, कारण सगळ्यात जास्त छळलं ते त्यानेच. सेमिनार तिकडे संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात हे माझ्या गावीही नव्हतं. त्या मंगळवारी केस विंचरून तासभर रिकाम्या स्क्रीनसमोर बसलो. मार्चच्या शेवटी उलटं झालं. साडेअकराला लॉगिन केलं तर मंडळी बाय-बाय करत होती. आता उन्हाळ्यात वेगळीच कटकट. कूलर चालू असला की माइक बंद ठेवावा लागतो. एकदा विसरलो, तर प्राध्यापकांनी विचारलं, हेलिकॉप्टरमध्ये आहात का?

पैसे वसूल झाले ते शस्त्रप्रसारबंदीच्या मॉड्यूलमध्ये. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक इनव्हॉइसवर एक ओळ असते: हा माल स्कोमेट यादीत (शस्त्रांसाठीही वापरता येतील अशा, निर्यातीवर सरकारी नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी) मोडत नाही. सात वर्षं मी ती कॉपी-पेस्ट करत होतो. तिच्यामागे केवढं रामायण आहे ते आता कळलं. 18 मे 1974 ला पोखरणची चाचणी झाली आणि तिच्यावर उतारा म्हणून अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला. त्याच गटाने 2008 मध्ये भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली, सदस्यत्व मात्र अजून नाही. 2004 मध्ये सुरक्षा परिषदेचा ठराव 1540 आला: महासंहारक शस्त्रं आणि त्यांचं साहित्य बिगरसरकारी टोळ्यांच्या हाती पडू नये म्हणून प्रत्येक देशाने आपापले कायदे करावेत. आपला कायदा 2005 चा. पुढे 2016 मध्ये आपण क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या एमटीसीआर गटात गेलो, 2017 मध्ये पारंपरिक शस्त्रांच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या वासेनारमध्ये, 2018 मध्ये रासायनिक-जैविक शस्त्रांच्या साहित्यावर लक्ष ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये.

थायोडायग्लायकॉल नावाचं एक रसायन आहे. बॉलपेनच्या शाईत, कापडाच्या रंगकामात चालतं, आणि त्यापासूनच मस्टर्ड गॅसही बनतो. हे वाचलं त्या रात्री टेबलावरचं पेन उचलून उगाचच पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती ओळ टाकण्याआधी मालाचं वर्णन पहिल्यांदा नीट वाचलं.

सागरी वाहतुकीचा भाग तर आम्ही जगलेलाच होता. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजावर कब्जा केला, मग हल्ले सुरू झाले आणि सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाजं जाऊ लागली. आमचे युरोपचे कंटेनर आठवडा-दीड आठवडा उशिरा पोचायचे आणि शिव्या मी खायचो. त्यावरच निबंध लिहिला. 58 मार्क. आई म्हणाली, "एवढे पैसे भरून अठ्ठावन्नच?" तिकडे 50 ला पास आणि 70 च्या वर डिस्टिंक्शन, हे तिला अजून पटलेलं नाही. शेरा होता: वर्णन फार, युक्तिवाद कमी. राग आला, पण खरं होतं. पुढचा निबंध 66 वर गेला.

थिअरीला मी घाबरून होतो. सिक्युरिटायझेशन (बँकवाल्यांचं वेगळं) ही 1990 च्या दशकात ओले वेव्हर, बॅरी बुझान या कोपनहेगनच्या मंडळींनी मांडलेली कल्पना. कोणीतरी अधिकाराने म्हणतो की अमुक गोष्ट आपल्या मुळावर उठली आहे, ऐकणारे माना डोलावतात आणि मग नेहमीचे नियम बाजूला ठेवायला मोकळीक मिळते. तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना. मग आमच्या सोसायटीत एक सायकल चोरीला गेली. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, "आपल्या मुलींच्या सुरक्षेचा प्रश्न आहे." सायकल मुलीची होती एवढाच संबंध. तीस अंगठे पडले आणि आमसभा न घेताच मागचं गेट बंद झालं. आता कामवाल्या मावशींना भर उन्हात अख्खा वळसा पडतो. वॉचमन मला म्हणाला, "साहेब, तुमी सिक्युरिटीचंच शिकून राहिले ना? मंग त्या गेटची चाबी तं काढून द्या." तो प्रसंग नावं न घेता सेमिनारमध्ये सांगितला. आठ महिन्यांत माझं बोलणं सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं ते तेव्हाच.

आता तक्रारी. काही व्हिडिओ शिळे आहेत. नाटोच्या नकाशात अजून 30 देश. फिनलंड 2023 मध्ये आणि स्वीडन 2024 मध्ये आत आला याचा पत्ता नाही. मेल केला, "नोंद घेतली" असं उत्तर आलं, नकाशा जिथल्या तिथे. दक्षिण आशिया म्हणजे भारत-पाकिस्तान आणि अणुबॉम्ब, बस्स. गडचिरोली इथून चार तासांवर, पण अंतर्गत बंडखोरीच्या आठवड्यात सगळी उदाहरणं कोलंबियाची. ट्यूटर बदलला की मार्कांचा हातही बदलतो. आठवड्याचं वाचन म्हणाल तर ऐंशी-नव्वद पानं. ते मी मेट्रोत आणि रविवारी उरकतो.

नोकरीसाठी घेणार असाल तर सरकारी भरतीत ही पदवी धरतात का ते आधी लेखी विचारून घ्या. माझा पगार एक रुपयाने वाढलेला नाही. साहेबांनी स्कोमेटची फाइल मात्र माझ्याकडे दिली, म्हणजे काम वाढलं.

प्रबंधाचा विषय ठराव 1540 आणि छोटे निर्यातदार असा दिला आहे, गाइड म्हणतात अजून आवळा. दुसऱ्या वर्षाची फी पौंडांत, जुलैत. भरणार आहे. नवा कूलर पुढच्या वर्षी बघू, यंदा जुन्यालाच वाळ्याच्या ताट्या बदलून घेतल्या.