फुटबॉल मॅनेजर २०२४ : वीसपैकी किती?

दिवसा मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कास्टिंग (साच्यात ओतलेले धातूचे भाग) तपासतो आणि संध्याकाळी साडेपाचला पेठेतली चौदा वर्षांखालची सोळा पोरं घेऊन मैदानावर असतो. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याचा चहा. गेल्या दिवाळीत पुतण्यानं त्याचा जुना लॅपटॉप मला दिला आणि त्यात हा गेम टाकून दिला. म्हणाला, "काका, तुम्ही लाइनीवरनं वरडता न्हवं, ह्येच्यात वरडायचं पण बटण हाय." खरंच आहे. मॅच चालू असताना खेळाडूंना चुचकारायचं का झापायचं, हे निवडता येतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांना आधी सांगतो, बटण दाबून गोल मारायचा गेम वेगळा. इथं तुम्ही प्रशिक्षक असता. संघ निवडायचा, सराव ठरवायचा, खेळाडू घ्यायचे, विकायचे आणि मॅच सुरू झाली की हात बांधून बघत बसायचं. इंग्लंडमधल्या कॉलियर बंधूंनी १९९२ साली चॅम्पियनशिप मॅनेजर या नावानं हा प्रकार बाजारात आणला. फुटबॉल मॅनेजर हे नाव २००४ पासूनचं. आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगसुद्धा यात खेळता येते. मी मॅच टूडीत बघतो, म्हणजे वरून नुसते ठिपके पळताना दिसतात. शाहू स्टेडियमच्या अगदी वरच्या पायरीवर बसलं की दिसतं तसं.

पण मॅच सोडा. हा गेम घ्यायचा तो खेळाडूच्या पानासाठी.

गोलकीपर सोडला तर प्रत्येक खेळाडूला छत्तीस गुण आणि प्रत्येक गुणाला १ ते २० मधला आकडा. १४ गुण बॉलवरच्या कौशल्याचे, ८ शरीराचे आणि १४ डोक्याचे. डोक्याचे चौदा! मी खेळायचो त्या काळात निवड म्हणजे एक लांब पळ आणि मग किक किती लांब जाते ते बघणं. पोरगं दांडगं असलं की बॅक, चपळ असलं की फॉरवर्ड, आणि दोन्ही नसलं तर बॉल आणायला. डोकं बघितलं जायचं ते फक्त हेडर मारता येतो का एवढ्यापुरतं.

या छत्तीसांतले तीन रकाने मला फार कामाला आले. समजा, मिडफिल्डच्या पोराचा पास चुकला. आपण बाहेरून एकच वाक्य ओरडतो, "डोळं फुटल्यात काय रं?" गेम म्हणतो, थांबा, चूक कुठं झाली ते आधी बघा. उजवीकडचा मोकळा गडी त्याला दिसलाच नाही, तर ती नजरेची चूक. दिसला, पण त्याला सोडून गर्दीत बॉल दिला, तर निर्णयाची. दिसला, त्यालाच द्यायचं ठरवलं आणि बॉल तिसरीकडं गेला, तर ती पासिंगची, म्हणजे पायाची. मी वीस वर्षं या तिन्हींवर एकच औषध देत होतो, मैदानाला दोन चकरा. नजर कमी असलेल्या पोराला चकरा मारायला लावून काय होणार? पळून पळून त्याचा दम वाढला, एवढंच.

म्हणून एका शनिवारी पुतण्याला पाण्याच्या टाकीवर चढवलं आणि मोबाइलवर दहा मिनिटं शूटिंग करून घेतलं, फक्त आठ नंबरच्या पोराचं. (पोरांची नावं लिहीत नाही, त्यांचे आईबाप हे वाचतील.) आठ नंबर म्हणजे बारीक अंगाचं, बुजरं पोर. किक जेमतेम. त्या दहा मिनिटांत बॉल त्याच्याकडं चौदा वेळा आला आणि त्यातल्या अकरा वेळा, बॉल यायच्या आधीच, त्यानं मान वळवून मागं बघितलं होतं. मी सहा महिने रोज त्याच्यासमोर उभा होतो. मला ते एकदाही दिसलं नव्हतं, कारण मीसुद्धा बॉलकडंच बघत होतो.

दुसरी जोडी राबण्याची आणि दमाची. गेममध्ये हे दोन आकडे वेगळे आहेत. दम म्हणजे किती वेळ पळू शकतो. राबणं म्हणजे पळायची तयारी किती. आमच्या सात नंबरला दम म्हणाल तर रंकाळ्याला चार फेऱ्या मारून येईल. पण बॉल पायातून गेला की दोन्ही हात कंबरेवर आणि मान आभाळाकडं. जणू बॉल देवानंच नेला. त्याच्या शेजारचा अकरा नंबर जाडसर, पंधरा मिनिटांत धापा टाकतो, पण बॉल गेला की आधी चार पावलं मागं पळतो आणि मग शिव्या देतो. बॉल गमावल्यावरची पहिली पाच सेकंदं बघायची, हे मोठमोठे प्रशिक्षक सांगतात. लिव्हरपूलचा माजी प्रशिक्षक क्लॉप, त्याचा सगळा खेळ त्याच पाच सेकंदांवर उभा होता. मला ते ऐकून माहीत होतं. पण दोन वेगळ्या रकान्यांत आकडे भरायला लागल्यावर कळलं की मी सात नंबरला आजवर 'फिट पोरगं' म्हणून खेळवत आलोय.

आता गेममधली सगळ्यात भारी गोष्ट. नवा खेळाडू शोधला की त्याचे आकडे सरळ दिसत नाहीत. आधी नुसती धूसर रेंज दिसते, समजा ८ ते १४. मग त्याला बघायला माणूस पाठवायचा. तो माणूस जास्त मॅच बघेल तशी रेंज आवळत जाते. शिवाय बघणाऱ्या माणसालाही स्वतःचे आकडे असतात. आजची कुवत ओळखण्याचा एक आणि पुढं काय होईल ते ओळखण्याचा दुसरा. पारख कच्ची असलेला माणूस पाठवला तर अहवालही कच्चाच येतो. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझा तो आकडा किती असेल? सात नंबरच्या हिशोबानं बघितलं तर सहा-सात.

काही गुण तर पानावर येतच नाहीत. सातत्य, मोठ्या मॅचला खेळ कसा होतो, दुखापतीची शक्यता, शिस्त हे सगळं आत दडलेलं असतं. त्याचा अंदाज अहवालातल्या एखाद्या ओळीवरून नाहीतर स्वभावाला दिलेल्या एखाद्या शब्दावरून लावायचा. माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. कास्टिंग बाहेरून चकचकीत, गेज लावलं तर माप बरोबर, आणि मशीनिंगला गेलं की आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी. पोरांचंही तसंच. फायनलच्या दिवशी सकाळी पोट दुखणारे किती जण असतात ते मला विचारा.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. जोशात मी दोनशे पानी वही आणली, सोळा पोरांची सोळा पानं आखली आणि छत्तीस ओळींत आकडे भरले. एक दिवस वही किटबॅगेवर उघडी राहिली. पोरांनी ती घोळका करून वाचली. मी पोचलो तोवर जो तो दुसऱ्याला आकड्यानंच हाक मारत होता. "ए पाच!" म्हणजे हेडिंगला पाच. आठ नंबर सगळ्यात शेवटी आला आणि हळूच म्हणाला, "सर, धाडसाला चारच व्हय?" मी काहीतरी थातुरमातुर बोललो. पुढच्या मॅचला ते पोर प्रत्येक बॉलला अंग झोकून द्यायला लागलं आणि मनगट सुजवून घरी गेलं. त्याच्या आईला फोन करताना मला जे वाटलं त्याला गेममध्ये रकाना नाही. वही फाडली. आता आकडे लिहीत नाही, फक्त काय बघितलं ते तारखेसकट लिहितो.

इथंच गेमची मर्यादा आहे. गेममध्ये पोराचा आकडा कमी का, हे कळत नाही. आमच्या दोन नंबरची एकाग्रता पहिल्या अर्ध्या तासात चांगली आणि नंतर बेपत्ता. दोन आठवड्यांनी कळलं की तो शाळेतून थेट मैदानावर येतो, दुपारपासून पोटात काही नसतं. केळी आणायला लागलो. एकाग्रता वाढली.

आणि आकडे म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही. गेमसाठी जगभर माणसं मॅच बघून माहिती गोळा करतात. २००८ साली तर इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबनं ही माहिती वापरायचा करार केला होता. तरी याच मंडळींच्या २००१-०२ च्या जुन्या आवृत्तीत मिलवॉल क्लबचा चेर्नो सांबा नावाचा पोरगा जगातला एक नंबरचा स्ट्रायकर व्हायचा. खऱ्या आयुष्यात तो कादिझ, प्लिमथ अशा क्लबांतून फिरला, गांबियाकडून खेळला, पण ते स्वप्न काही उतरलं नाही. उलट बाजूला फ्रान्सचा मिडफिल्डर न्गोलो कांते. उंची १ मीटर ६८ सेंटिमीटर. लहानपणी अंगकाठी बघून क्लब त्याला नाही म्हणत गेले. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर क्लबनं घेतला, २०१६ ला लेस्टर प्रीमियर लीगचा विजेता, २०१७ ला चेल्सीकडून पुन्हा विजेता. त्याचं राबणं कुणीतरी वेळेवर बघितलं म्हणून.

कुणी म्हणेल, छत्तीस जास्त होतात. हॉलंडच्या आयाक्स क्लबच्या अकादमीत चारच गोष्टी बघायची पद्धत होती: तंत्र, समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. त्यातली घड्याळ लावून मोजता येते ती एकच. मैदानावर सोळा पोरं आणि हातात एक शिट्टी असताना चारच बऱ्या. छत्तीस घरी बसून.

भाषेचं म्हणाल तर सगळं इंग्रजीत. मी माझ्यापुरती नावं पाडलीत: जिद्द, राबणं, थंड डोकं, आधी ओळखणं, बॉल नसताना. 'फ्लेअर' ला पोरांनीच 'नखरा' ठेवलं आणि ते मला पटलं. 'अ‍ॅग्रेशन' ला मी 'खुन्नस' म्हणत होतो, ते मात्र चुकलं. त्याचा अर्थ फाउल करणं असा नाही, झटापटीत मागं न हटणं असा आहे. आडदांडपणाचा गुण वेगळा आहे आणि तो दडलेल्यांत आहे.

घ्यायचा का? पोरं शिकवत असाल तर घ्या. जुनी आवृत्ती साध्या लॅपटॉपवर चालते, फक्त लीग कमी निवडा, नाहीतर पंखा गिरणीसारखा वाजतो. २०२५ ची आवृत्ती निघालीच नाही. २०२६ ची नोव्हेंबर २०२५ मध्ये आली, तिच्यात महिलांचा फुटबॉलही आहे. पुतणीला ती हवी आहे, माझ्या लॅपटॉपला झेपणार नाही. आकडे झाकायची सोय मात्र बंद करू नका. सगळं उघडं ठेवून खेळलात तर ती नुसती खरेदी-विक्री.

आणि कामावर पहिली पाळी असेल त्याच्या आदल्या रात्री सुरू करू नका. परवा एक सतरा वर्षांचा लेफ्ट बॅक सापडला, रेंज ९ ते १७. त्याच्यावर माणूस पाठवला आणि अहवालाची वाट बघत बसलो. पावणेदोनला बायको उठून आली, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, "अहो, पोरगं तरी खरं हाय का ह्ये?"

अहवाल अजून यायचा आहे.