शुगरसाठी हरमल चूर्ण : एकच स्टार, आणि का ते जरा लांबलचक सांगते

पॅकिंग चांगलंय, झिपवालं पाऊच आहे, डिलिव्हरी वेळेत झाली, १०० ग्रॅमला ३४९ रुपये. पावडर मातकट तपकिरी, वास उग्र, पण हरमल नावाच्या झुडपाचं बी असंच असतं, त्याचंच हे चूर्ण. इथपर्यंत तक्रार नाही. तक्रार आहे पाकिटावर जे छापलंय त्याची. "बीटा सेल पुन्हा तयार करते, अमेरिकन संशोधनाने सिद्ध", आणि खाली डोस, एक चमचा सकाळ-संध्याकाळ उपाशीपोटी, बस्स. हे काकांनी मागवलं होतं, त्यांचा डायबेटिस जुना आहे आणि कुणी ना कुणी त्यांना व्हिडिओ पाठवत असतं. मी फार्मसीत कामाला आहे म्हणून चमचा भरायच्या आधी पाकीट माझ्याकडे आलं.

आधी एक सांगते, संशोधन खोटं नाहीये, उलट मी ते खूप आशेने फॉलो करते. हरमलच्या बियांत हरमीन नावाचं द्रव्य असतं, ॲमेझॉनच्या जंगलातला तो अयाहुआस्का काढा करतात ना, त्यातल्या वेलीतसुद्धा हेच असतं. काढ्यातलं डीएमटी, ज्याने माणसाला दृश्यं दिसतात, ते पोटातच मोडून जाऊ नये म्हणून ती वेल लागते. तर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेत अँड्र्यू स्टुअर्ट यांच्या टीमने एक लाखाहून जास्त रसायनं तपासली आणि त्यातून हरमीन सापडलं, २०१५ साली नेचर मेडिसिन या संशोधन-मासिकात छापून आलं. आपल्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, इन्शुलिन बनवणाऱ्या, मोठेपणी जवळपास वाढतच नाहीत, कारण डीवायआरके-वन-ए नावाचं एन्झाइम त्यांच्यावर ब्रेक दाबून बसलेलं असतं, आणि हरमीन तो ब्रेक सोडवतं. मग २०२४ मध्ये त्याच टीमने कॅलिफोर्नियाच्या सिटी ऑफ होप या संशोधन केंद्रासोबत माणसाच्या बीटा पेशी उंदरांत बसवून हरमीन आणि सोबत जीएलपी-वन गटातलं, शुगरसाठी आधीपासून वापरात असलेलं औषध दिलं, तर तीन महिन्यांत त्या पेशी ४ ते ७ पट झाल्या. हे वाचून मला खरंच भरून आलं होतं, कारण आत्ता जी औषधं आपण देतो ती साखर आवरतात, गेलेल्या पेशी कोणी परत आणून देत नाही.

पण हे उंदरात झालंय!! माणसांवर जी चाचणी झाली ती निरोगी लोकांवर होती, शुद्ध हरमीनचा एकेकच डोस देऊन, सहन किती होतं एवढंच बघायला. वजनाच्या किलोमागे २.७ मिलिग्रॅमपर्यंत त्रास फारसा झाला नाही, त्याच्या वर गेल्यावर उलट्या, गुंगी वगैरे सुरू झालं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण १६० मिलिग्रॅम. आता या पाकिटावर हरमीन किती ते कुठेच नाही. या बियांत हरमीन, हरमलीन अशी अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातली जोरदार परिणाम करणारी द्रव्यं, वजनाच्या साधारण २ ते ६ टक्के भरतात, म्हणजे ३ ग्रॅमचा चमचा धरला तर ६० मिलिग्रॅमही असेल नाहीतर १८० पण, आणि तेही दिवसातून दोनदा, रोज. कुठल्या हिशोबाने सांगितला हा डोस?

आणि सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन मोडणारं एमएओ-ए हे एन्झाइम हरमीन अडवतं, त्यामुळे डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांसोबत ते घेतलं तर सेरोटोनिन इतकं वाढू शकतं की जीवावर बेततं, थरथर, ताप, बीपी वरखाली, झटके. जुन्या शुगरवाल्यांच्या पायांची आग होते ना, त्यासाठी डॉक्टर जी ड्युलोक्सेटिन लिहून देतात ती याच धोक्यातली. आमचे काका तीच घेतात! आपल्याकडे किती जण घेतात, आणि त्यांना ती "पायाची गोळी" म्हणूनच माहीत असते. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, यांचंही तसंच. पाकिटावर यातलं एक अक्षर नाही. गरोदर बाईने घेऊ नये हेसुद्धा नाही, अडुळशात असतं ते व्हॅसिसीन यातही असतं आणि ते गर्भाशय आकुंचन पाववतं.

सेलरला विचारलं तर उत्तर आलं "नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही". टाइप वनच्या मुलांना चालेल का विचारलं तर "हो, इन्शुलिन हळूहळू बंद करा". हे वाचून माझे हातपाय गार पडले. टाइप वनमध्ये शरीर स्वतःच बीटा पेशी मारत असतं, नवीन आल्या तरी त्याच मारल्या जाणार, आणि इन्शुलिन बंद केलं तर एकदोन दिवसांतच पोर आयसीयूत जाऊ शकतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या आकड्यानुसार देशात १० कोटींवर डायबेटिसवाले आहेत, एवढ्या लोकांच्या आशेवर असं खोटं विकू नका हो.

पाकीट परत पाठवलंय, लेबलचे फोटो एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला दिलेत. ज्यांनी आधीच घेतलं असेल त्यांनी ते थांबवा, आपल्या चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, आणि पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जा, नुसतं "चूर्ण घेतो" म्हणू नका, हरमल हे नाव सांगा. थरथर, ताप, छातीत धडधड असं काही होत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.