ट्रेलर ओढण्यासाठी पिकअप: हायलक्स की व्ही-क्रॉस?

आमच्याकडे दोघांच्या झोपण्याची सोय, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी असलेला एका ॲक्सलचा राहता ट्रेलर आहे. सामान आणि पाणी भरल्यावर त्याचे वजन तेराशे किलोच्या घरात जाते. तो ओढण्यासाठी जुन्या एसयूव्हीच्या जागी अलीकडची पिकअप घ्यायचे घरात ठरले, तेव्हा शोध फार लांबवावा लागला नाही. डबल कॅब (मागेही बैठकीची रांग असलेली केबिन), फोर बाय फोर, बीएस-६ डिझेल आणि कुटुंबाला घेऊन दिवसभर चालवता येईल अशी बैठक, एवढ्या अटी लावल्या की पुण्यात दोन नावे समोर उरतात: टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस. दोन्ही गाड्या चालवून, त्यांची कागदपत्रे वाचून आणि त्यांच्याखाली वाकून पाहिल्यावर माझा कौल ऑटोमॅटिक हायलक्सला आहे. ट्रेलर हजार किलोच्या आत असेल, तर मात्र व्ही-क्रॉस घ्यावी आणि उरलेले पैसे ट्रेलरच्या ब्रेकवर व टायरवर खर्च करावेत, असे मी मनापासून सांगेन.

हायलक्स भारतात २०२२ मध्ये आली. तिचे २७५५ सीसीचे डिझेल इंजिन २०४ पीएस शक्ती देते, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मॅन्युअलमध्ये ४२० तर ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटनमीटर आहे. २०२१ पासून मिळणाऱ्या बीएस-६ व्ही-क्रॉसचे इंजिन १८९८ सीसीचे असून ते १६३ पीएस आणि ३६० न्यूटनमीटर देते. हे आकडे जाहिरातीतही दिसतात, परंतु ट्रेलर ओढणाऱ्याने पाहायचा आकडा निराळा आहे. व्ही-क्रॉसचा पूर्ण टॉर्क मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात मिळतो, तर ऑटोमॅटिक हायलक्सचा १६०० पासून २८०० फेऱ्यांपर्यंत टिकतो. कात्रजच्या जुन्या घाटात पुढचा ट्रक वळणावर जवळजवळ थांबतो, आपल्यालाही थांबावे लागते आणि मग चढावरच गाडी पुन्हा हलवावी लागते. त्या क्षणी मागे तेराशे किलो असतील तर लहान इंजिनाला रेस वाढवून, क्लच अर्धवट दाबून निघावे लागते. हे दोनचार वेळा झाले की क्लच जळल्याचा वास केबिनमध्ये येतो. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी जोडणी) असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये हा प्रश्नच येत नाही. मॅन्युअल गाडीवर माझे प्रेम आहे, तरीही ट्रेलरसाठी मी ऑटोमॅटिकच निवडेन.

चढापेक्षा उताराचा विचार अधिक करावा लागतो, आणि पुण्याच्या माणसाला तो वेगळा शिकवण्याची गरज नसावी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येताना जो लांब उतार लागतो, तिथे ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांनी किती संसार उद्ध्वस्त केले, हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडायची आणि मग सगळा भार ब्रेकवर टाकायचा, ही सवय तिथल्या अपघातांमागचे एक ओळखीचे कारण आहे. ट्रेलर जोडलेली पिकअप आकाराने लहान असली, तरी तत्त्व तेच. लहान राहत्या ट्रेलरला बहुधा ओव्हररन ब्रेक असतो: पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, त्या रेट्याने दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक दाबले जातात. सपाट रस्त्यावर ही रचना उत्तम चालते. लांब उतारावर मात्र दांडा सतत थोडा आत सरकलेला राहतो, ब्रेक सतत थोडे घासत राहतात आणि तापतात. म्हणून वेग इंजिनानेच रोखून धरायचा, आणि ब्रेक अधूनमधून, ठामपणे, थोड्या वेळापुरता लावून सोडायचा. जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथे शब्दशः पाळावा. डिझेल इंजिनाची रोखण्याची ताकद मुळात पेट्रोलपेक्षा कमी असते, त्यामुळे सीसीमधला फरक उतारावर जाणवतो. हायलक्सचा ऑटोमॅटिक गिअर हाताने तिसऱ्यावर किंवा दुसऱ्यावर धरून ठेवता येतो. मी ती कात्रजच्या उतारावर चार माणसे बसवून तशी चालवून पाहिली, आणि ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागला. माझा कौल मुख्यतः इथे ठरला.

आता वजनाकडे वळू, कारण बहुतेक जण इथेच फसतात. एका शोरूममध्ये मी ओढण्याची क्षमता विचारली, तर विक्रेत्याने मला टॉर्कचा आकडा सांगितला. दुसऱ्याने परदेशातला साडेतीन टनांचा आकडा सांगितला. ऑस्ट्रेलियात हायलक्सला ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ३५०० किलोची मान्यता आहे हे खरे, पण तो आकडा तिथल्या मॉडेलसाठी, तिथल्या जोडणीसाठी आणि तिथल्या कायद्यापुरता आहे. आपल्या मॉडेलचा आकडा कंपनीकडून लेखी मागावा आणि मिळेपर्यंत बयाणा देऊ नये. त्याहून महत्त्वाची एक वजाबाकी घरबसल्या करता येते: कागदपत्रांत असलेल्या एकूण भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करायचे. हा आकडा पाचशे किलोच्या आसपास आला असे धरू. चार मोठी माणसे २८० किलो, हौद्यावरचे कडक झाकण ४० किलो, हुकाची चौकट ३० किलो, हौद्यातले सामान ८० किलो. झाले ४३० किलो. उरले सत्तर. तेराशे किलोच्या ट्रेलरच्या तोंडाचा भार, म्हणजे त्याने गाडीच्या हुकावर खाली टाकलेले वजन, सात टक्के धरला तरी ९१ किलो होतो, आणि अमेरिकेत रूढ असलेले किमान दहा टक्के धरले तर १३० किलो. म्हणजे ट्रेलर ओढण्याची ताकद पुरेपूर असताना गाडी वजनाच्या मर्यादेबाहेर गेलेली असते, आणि हे इंजिन कधीच सांगत नाही.

शिवाय हा भार हौद्यात ठेवलेल्या पोत्यासारखा ॲक्सलवर सरळ पडत नाही. हुकाचा गोळा, ज्यावर ट्रेलरचे तोंड बसते, मागच्या ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे असेल आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर) ३.०९ मीटर असेल, तर गोळ्यावरच्या शंभर किलोमुळे मागच्या ॲक्सलवर सुमारे १४० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून सुमारे ४० किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते आणि पावसात वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस जवळजवळ सारखा आहे, हायलक्सचा ३०८५ मिलिमीटर आणि व्ही-क्रॉसचा ३०९५, त्यामुळे या बाबतीत डावे-उजवे करता येत नाही. ट्रेलर जोडून, माणसे बसवून, एकदा वजनकाट्यावर गाडी नेणे हाच खरा उपाय. पुढचे ॲक्सल, मागचे ॲक्सल आणि ट्रेलर अशी तीन वजने स्वतंत्र घ्यावीत. काट्यावरचा माणूस आश्चर्याने पाहील, पण करून देईल.

ट्रेलर डोलण्याची भीतीही याच वजनाशी जोडलेली आहे. जड वस्तू ट्रेलरच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे ठेवाव्यात. पाण्याची टाकी व गॅसचा सिलिंडर शेवटाला असेल तर द्रुतगती मार्गावर व्होल्वो बस शेजारून गेली, की हवेच्या ढकलीने शेपूट हलू लागते. अशा वेळी जोरात ब्रेक न दाबता, स्टिअरिंग सरळ धरून पाय रेसवरून काढावा.

हुकाच्या बाबतीत फॅब्रिकेशनच्या दुकानातली वेल्डिंग स्वीकारू नये. प्रमाणित जोडणीवर एक पट्टी असते आणि तिच्यावर डी आणि एस असे दोन आकडे असतात. डी म्हणजे ओढीचा जोर किलोन्यूटनमध्ये, एस म्हणजे गोळ्यावरचा उभा भार किलोमध्ये. पूर्ण भरलेली गाडी २९०० किलो आणि ट्रेलर १३०० किलो असेल, तर हिशोबाने डी सुमारे ८.८ निघतो, पट्टीवरचा आकडा त्याहून मोठा हवा. गोळ्याचा व्यासही मोजून घ्यावा. युरोपीय पद्धतीचा गोळा ५० मिलिमीटरचा, अमेरिकी दोन इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. दोन इंची कपलिंगमध्ये (ट्रेलरच्या तोंडाची, गोळ्यावर बसणारी वाटी) ५० मिलिमीटरचा गोळा बसल्यासारखा वाटतो, आणि खड्ड्यात आदळल्यावर सुटू शकतो.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहनच आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो. त्याच कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांबद्दल आहे, म्हणून हुक बसवण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे.

रोजच्या वापराचाही विचार हवा. दोन्ही गाड्या साधारण ५.३ मीटर लांब आहेत आणि आपल्या सोसायट्यांतले पार्किंग बहुधा पाच मीटरचे असते. नाक किंवा हौदा रस्त्यात येणार हे गृहीत धरावे. दोन्हींना मागे पाटे आहेत, त्यामुळे रिकामी गाडी सिंहगड रस्त्यावरच्या खड्ड्यांत उडते. ट्रेलरचा भार आला की तीच गाडी शांत होते. फोर बाय फोर दोन्हींत गरजेपुरते जोडायचे आहे. पवनेकाठच्या ओल्या गवतातून ट्रेलर बाहेर काढताना लो रेंज (हळू पण जास्त ओढीचे गिअर) अनमोल ठरते, कोरड्या डांबरावर मात्र फोर बाय फोर लावून वळू नये, कारण पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण साठतो. हायलक्सचे मागचे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी पेटी) बटणाने लॉक होते आणि दोन्ही चाके एकत्र फिरतात, हा तिचा आणखी एक गुण.

हायलक्सची किंमत मोठी आहे. ती आली तेव्हा शोरूमची किंमत ३३.९९ लाखांपासून सुरू होत होती. पुढे ती कमी करून ३०.४० लाखांवर आणली गेली. म्हणूनच दोनतीन वर्षे वापरलेली गाडी घेणे मला शहाणपणाचे वाटते. ती पाहताना गाडी पिटवर चढवावी. मागच्या चेसिसवर नवी भोके किंवा खरवडलेला रंग दिसला, तर आधीच्या मालकाने हुक लावून काढलेला आहे. मागच्या दिव्यांची वायर कापून जोडलेली असेल तर शंकाच नको. मग गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले हे सर्व्हिसच्या नोंदीत पाहावे आणि डिफरन्शियलच्या सीलभोवती तेलाचा ओलावा आहे का, हे बोट फिरवून पाहावे. गाडी फक्त शहरात फिरली असेल तर डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरलेला असू शकतो, म्हणून टेस्ट ड्राइव्ह महामार्गावर घ्यावी. कोकणात राहिलेल्या गाडीचे पाटे आणि त्यांचे यू-बोल्ट गंजाने फुगलेले असतील, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडून द्यावी.