दिवसाचे आठ तास: सौर फीडरवरची शेतीपंपाची वीज, पाचपैकी साडेतीन

शेतीपंपाच्या जोडणीत शेतकऱ्याला खरं तर तास हवे असतात. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना युनिटचा हिशेब तसाही उरलेला नाही. मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजनेत एप्रिल 2024 ते मार्च 2029 त्यांचं बिल सरकार भरणार आहे. त्यामुळे या सेवेला गुण देताना तीनच गोष्टी पाहायच्या: लाईन कधी येते, आली की किती व्होल्टने येते, आणि गेली की कधी परत येते. इथे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या फीडरवरचा (उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या लाईनवरचा) थ्री-फेज पुरवठा तपासला आहे. विदर्भात अनेक ठिकाणी ‘फीडर की स्वतःचा सौर पंप’ हाच वाद चालू असल्याने तुलनाही ओघाने आलीच.

योजना 2017 ची, तिची दुसरी आवृत्ती 2023 ची. 33/11 केव्ही उपकेंद्राच्या जवळपास जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज शेतीच्या 11 केव्ही फीडरला मिळते. प्रकल्पाला भाड्याने दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, म्हणजे एकरी पन्नास हजार. हलक्या, मुरमाड वावराला कोरडवाहू तुरीत एवढं हमखास सुटत नाही, पण जमीन उपकेंद्रापासून लांब असेल तर तिचा विचार सोडून द्यावा.

पूर्वीची पद्धत आळीपाळीची होती: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याचं ओलीत जानेवारीच्या रात्री करायचं म्हणजे थंडी, साप आणि रानडुकरं, चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघसुद्धा. रात्रपाळी गेली या एका बाबीला पाचपैकी पाच गुण. एकूण गुण मात्र साडेतीनच, उरलेले दीड कुठे गेले, ते पुढे.

‘ऊन तर फटफटीत आहे, मग लाईन कशी नाही?’ हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. सौर प्रकल्प ग्रिडला जोडलेला असतो. ग्रिड बंद पडलं की प्रकल्पाचे इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतात, कारण बंद समजून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हाती चालू तार लागू नये. म्हणजे 33 केव्ही लाईनवर झाड पडलं तर माथ्यावर सूर्य असूनही मोटर बंदच. याची दुसरी बाजू फायद्याची आहे: श्रावणात आभाळ भरलेलं असलं तरी फीडरला ग्रिडची वीज येत राहते. पावसाने दडी मारली आणि ढग मात्र कायम, अशा आठवड्यात स्वतःचा सौर पंप रेंगाळतो, फीडरवरचा पूर्ण जोरात चालतो.

आता तासांचा विहिरीशी मेळ. पाच एचपीची मोटर पंचवीस मीटर एकूण उंचीवर तासाला साधारण तीस हजार लिटर पाणी काढते. आठ तासांत दोन लाख चाळीस हजार. एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी पसरायला दोन लाख लिटर लागतात, म्हणजे कागदावर दिवसाला एक एकर आरामात भिजतं. पण सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे जेमतेम अठ्ठावीस हजार लिटर. मोटर तासाला एक मीटरहून जास्त पाणी ओढते. अमरावती-यवतमाळच्या काळ्या पाषाणातल्या विहिरीत फेब्रुवारीत पाच मीटर पाणी असलं आणि झरा बारीक असला, तर चार-पाच तासांत तळ दिसतो. उरलेले तीन तास फुकट जातात, आणि ड्राय-रन रिले (पाणी संपलं की मोटर बंद करणारं उपकरण) नसेल तर मोटरही जाते. आळीपाळीच्या काळात विहिरीला आपोआप विश्रांती मिळायची, आता ती आपण ठरवून द्यावी लागते. सकाळी तीन तास, मधे दोन-अडीच तास झरा भरू द्यायचा, मग पुन्हा तीन तास. टायमर लावा. त्याहून चांगलं म्हणजे मोटर जळून बदलायची वेळ आलीच तर पाचऐवजी तीन एचपीची घ्या. तीच विहीर आठ तास पुरेल आणि ठिबकला दाबही एकसारखा राहील. एचपी वाढवायच्या फंदात तर पडूच नये: साडेसातच्या वर गेलात की बिलाची सवलतही हातची जाते.

व्होल्टेजला पाचपैकी दोन. सौर प्रकल्प उपकेंद्रापाशी असतो, आणि व्होल्टेज पडतं ते डीपीपासून (शेताजवळच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरपासून) विहिरीपर्यंतच्या तारेत. तिथे योजनेने काहीच बदललेलं नाही. उलट, पूर्वी रात्रीच्या गटात असलेले फीडर आता दिवसा सगळ्यांसोबत चालतात, त्यामुळे उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरवर एकाच वेळी जास्त भार येतो. ठरलेल्या 415 व्होल्टच्या जागी टोकाला 340 मिळाले, तर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे दोन तृतीयांशावर येतो. मोटर तो जास्त अँपिअर ओढून भरून काढायला जाते आणि वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) तापून जळते.

डीपीचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. पाच एचपीची मोटर कपॅसिटरशिवाय सुमारे 5.8 केव्हीए (डीपीवर पडणाऱ्या भाराचं माप) घेते. म्हणजे 63 केव्हीएच्या डीपीवर दहा-अकरा मोटरी बसतात. चांगला कपॅसिटर लावला की तीच मोटर 4.9 केव्हीएवर येते आणि दोन मोटरींची जागा मोकळी होते. तीन एचपीला 1, पाचला 2 आणि साडेसातला 3 केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) हे प्रचलित माप आहे. कपॅसिटर स्टार्टरनंतर, मोटरच्या बाजूला जोडायचा. फुगलेला कपॅसिटर लगेच काढून टाका. डीपीवरच्या निम्म्यांनी लावला आणि निम्म्यांनी नाही, तर फायदाही निम्माच.

डीपी जळण्याचं सगळ्यात मोठं आणि फुकटात टाळता येणारं कारण म्हणजे ऑटो, म्हणजे लाईन येताच मोटर आपोआप सुरू करणारा स्विच. लाईन आली की दहा मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या प्रवाहाच्या सहापट घेते: आठ अँपिअर गुणिले सहा गुणिले दहा, म्हणजे 480 अँपिअर. 63 केव्हीएच्या डीपीची क्षमता 84 अँपिअरच्या आसपास. फ्यूज उडाला तर नशीब, कारण बऱ्याच डीपींवर फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असते आणि मग फटका थेट वाइंडिंगला बसतो. उपाय साधा: ऑटोमध्ये उशिराने सुरू होणारा टायमर बसवून पहिल्या मोटरीला एक मिनिट, दुसरीला तीन, तिसरीला पाच असे आकडे डीपीवरच्या सगळ्यांनी वाटून घ्यावेत. टायमर स्वस्त असतो, अवघड असतं ते दहा जणांना एका झाडाखाली बसवणं.

केबलही तपासा. डीपीपासून विहीर 200 मीटर असेल आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल, तर आठ अँपिअरला सुमारे 16 व्होल्ट तारेतच जातात. चार चौरस मिलिमीटरला दहाच. डीपीवरच 360 व्होल्ट असतील तर हा सहा व्होल्टचा फरक किरकोळ नाही.

आता आठच तास का, हा प्रश्न. उन्हाळी धान घेणाऱ्या भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला बांधीत पाणी उभं ठेवायचं असतं. आठ तास त्याला पुरत नाहीत. सूर्य मावळल्यावर थ्री-फेज हवं असेल तर ती वीज कोळशाची किंवा साठवलेल्या पाण्याची, आणि नेमक्या त्याच वेळी, संध्याकाळी सहा ते दहा, राज्याची मागणी चढलेली असते. कोयनेची क्षमता 1960 मेगावॅट आहे, पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे, म्हणून ते पाणी जपून, मागणी चढेल तेव्हाच वापरतात. घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प 2008 चा. वीज जास्त असते तेव्हा तिथे पाणी वर चढवतात आणि कमी पडते तेव्हा खाली सोडतात. शंभर युनिट घालून 75 ते 80 परत मिळतात. दिवसाच्या स्वस्त सौर विजेने पाणी चढवून संध्याकाळी उतरवायचं, या हिशेबानेच राज्याने डिसेंबर 2023 मध्ये उदंचन प्रकल्पांचं धोरण आणलं.

विदर्भात असं काही उभं राहील, ही आशा मात्र भूगोलापुढे टिकत नाही. चारशे मीटर उंचीवरून हजार लिटर पाणी उतरलं की साधारण एक युनिट मिळतं. वीस मीटर उंचीला त्याच एका युनिटसाठी वीस हजार लिटर लागतात. सह्याद्रीत घाट आहे, आपल्याकडे सपाट खोरी. गाविलगडच्या बाजूला उंची आहे, पण तिथे व्याघ्र प्रकल्प आहे. पेंचवर तोतलाडोहला 160 मेगावॅटचं वीजघर आहे, त्यातला महाराष्ट्राचा वाटा एक तृतीयांश. त्याचं पाणी पुढे नवेगाव खैरीला जातं आणि त्यावर नागपूरचं पिण्याचं पाणी, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आणि कालव्याचं सिंचन अवलंबून आहे. वरच्या अंगाला चौराईचं धरण झाल्यापासून आवकही घटली. तेव्हा रात्रीच्या लाईनचं भवितव्य सह्याद्रीतल्या गुंतवणुकीवर ठरणार.

त्या गुंतवणुकीचे पैसे वीजदरातून वसूल होतात. स्पर्धात्मक निविदेतून निघालेला दर वीज कायदा 2003 च्या कलम 63 खाली राज्य वीज नियामक आयोगाने स्वीकारला, की खरेदीचा खर्च दरात येतो. शेतीपंपाचं बिल शून्य असलं तरी गावातली पिठाची चक्की आणि तालुक्याचं जिनिंग तो भरतात, उरलेला सरकारी अनुदानातून येतो. दरनिश्चितीच्या सुनावणीत हरकत लेखी नोंदवता येते. ग्रामीण विदर्भातून तिथे फार कमी कागद जातात, हे बरं नाही.

सरकारी योजनेतून मिळणारा स्वतःचा सौर पंप कोणाला? ज्याच्या वावरापर्यंत खांब नाहीत त्याला, डोळे झाकून. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात एचपी. खर्चातला शेतकऱ्याचा वाटा सर्वसाधारण गटाला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा सोबत येतो. पंप सकाळी हळू सुरू होतो, दुपारी जोरात चालतो आणि चारनंतर मंदावतो, बारीक झऱ्याच्या विहिरीला ही चाल मानवते. मे महिन्यात पॅनल 65 अंशांवर तापलं की उत्पादन पंधरा टक्क्यांच्या आसपास घटतं, त्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांची धूळ बसली तर आणखी. पाणी मारायचं ते पहाटे, तापलेल्या काचेवर कधीच नाही. ज्यांच्याकडे आधीच विजेची जोडणी आहे त्यांना ही योजना नाही. खांब जवळ असतील तर फीडरच बरा.

दुरुस्तीच्या वेगाला तीन गुण. नियमांनुसार ग्रामीण भागात जळालेला डीपी 48 तासांत बदलायचा असतो, आणि मानकं न पाळल्यास भरपाईची तरतूद कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे. घोडं अडतं ते पुराव्यापाशी. लाईनमनला तोंडी सांगितलेली तक्रार कुठेच नोंदत नाही, त्यामुळे 48 तासांचं घड्याळ सुरू झालं हे नंतर सिद्ध करता येत नाही. 1912 वर किंवा 1800-233-3435 वर फोन करा, ग्राहक क्रमांक आणि डीपीवर रंगवलेला क्रमांक सांगा, तक्रार क्रमांक वहीत वेळेसह लिहा. शक्यतो डीपीवरच्या दोघा-तिघांनी वेगवेगळी तक्रार नोंदवावी. तेवढ्यावर भागलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपाल. लोकपालाचं कार्यालय नागपुरातही आहे, मुंबईला जायची गरज नाही.