पावसाळ्यात गवती चहा आणि तुळस वाळवण्यासाठी घेतलेला विजेचा ड्रायर: चार महिन्यांचा अनुभव

चिपळूणकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत पाला सावलीत वाळत नाही, सादळतो. परसातला गवती चहा मात्र नेमका याच दिवसांत माजतो, आणि सुपात पसरून माळ्यावर ठेवलेली पाती चौथ्या दिवशी कुबट वास मारू लागते. दोन पावसाळे अशी पाती उकिरड्यावर टाकल्यानंतर गेल्या जूनमध्ये पाच ताटल्यांचा, ३०० वॅटचा विजेचा ड्रायर साडेपाच हजार रुपयांना मागवला. चार महिने तो आठवड्यातून दोनदा तरी चालला.

रचना साधी आहे. तळाशी पंखा आणि तापणारी तार, वर एकावर एक बसणाऱ्या जाळीच्या ताटल्या. २८ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा ३८ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नाशीच्या आसपास उतरते, त्यामुळे पाला भाजला न जाता वाहत्या कोरड्या हवेत वाळतो. चहासाठी हाच फरक महत्त्वाचा, कारण गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रालचा आणि तुळशीचा लवंगेकडे झुकणारा वास बराचसा युजेनॉलचा असतो, आणि ही तेले उष्णतेने उडून जातात; म्हणून असा पाला शक्यतो ४० अंशांच्या आत वाळवावा लागतो.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. बटणावर सर्वांत कमी आकडा ३५ चा असला, तरी तळाच्या ताटलीत थर्मामीटर ठेवला तेव्हा पारा ४४ वर गेला. तुळशीचा पहिला घाणा त्यामुळे तपकिरी पडला आणि त्याच्या चहाला वाळल्या गवताखेरीज कसलीच चव आली नाही. विक्रेत्याने ‘एवढा फरक चालतो’ असे सांगून विषय संपवला. आता मी तळाची ताटली रिकामी ठेवते आणि दर दोन तासांनी वरच्या ताटल्यांची अदलाबदल करते. यंत्र घेऊनही ही राखण करावी लागते, हे घेणाऱ्याने आधीच धरून चालावे.

गवती चहाचे काम मात्र त्याने चोख केले. पाती धुऊन, कापडावर निथळून, कात्रीने दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे केले, की नऊ-दहा तासांत अर्धा किलोची साधारण सव्वाशे ग्रॅम होते आणि रंग हिरवाच राहतो. बुडखा जाड असल्यामुळे तो उभा चिरावा, नाहीतर वरून कोरडा आणि आत ओला राहतो. तुळशीची पाने न चिरता अख्खीच पसरावीत. ती वाळून आकसली की जाळीतून खाली पडतात, आणि एक पान तारेवर पडले तरी घरभर जळका वास सुटतो. म्हणून जाळीवर मी मलमलचे तुकडे अंथरते, पण कडेने दोन बोटे जागा मोकळी सोडून, कारण पूर्ण झाकलेल्या जाळीतून हवा वर चढत नाही. (द्वादशीला तुळस खुडायची नाही हा सासूबाईंचा नियम असल्याने तुळशीचे वेळापत्रक यंत्रापेक्षा पंचांगच ठरवते.) अडुळसाही करून पाहिला, जाड पानांना चौदा तास लागले आणि चहा कडू झाला, तो नाद सोडला.

पान चुरगळल्यावर करकरीत मोडले पाहिजे. तरीही गरम पाला लगेच बरणीत भरू नये. भरून दुसऱ्या दिवशी काचेला आतून दव दिसले, तर तो परत ताटलीत पसरावा. बारा तास सलग चालवले तरी वीज चार युनिटांच्या आतच जळते.

दिवाळीनंतर कोरडे वारे सुटल्यावर तुळशीचा एक वाटा सुपात, सावलीत वाळवला. पाच दिवस लागले, पण वास यंत्रातल्या पाल्यापेक्षा सरस निघाला. म्हणून देशावरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्याने या यंत्रावर पैसे घालू नयेत. कोकणात, आणि तेही मुख्यतः गवती चहासाठी, मी ते पुन्हा घेईन. मात्र पैसे देण्याआधी तळाच्या ताटलीत थर्मामीटर ठेवून ते अर्धा तास चालवून पाहीन.