बाम्बर्गची धुरकट बिअर आणि शॉयफर्ला: कुठे बसावं, काय मागवावं

जर्मनीतल्या बाम्बर्गहून परतलेल्या बऱ्याच मंडळींचं राउखबिअर, म्हणजे तिथल्या धुरकट बिअरबद्दलचं मत वाईट असतं, आणि त्यांचा दिवस कसा गेला ते विचारलं की कारणही कळतं. स्टेशनवर उतरायचं, तडक कॅथीड्रलच्या पायथ्याचं श्लेंकर्ला हे बिअरघर गाठायचं, रिकाम्या पोटी अर्ध्या लिटरचा ग्लास मागवायचा, दोन घोटांत तोंड वाकडं करायचं आणि फोटो काढून बाहेर पडायचं. ही बिअर अशी प्यायची नसते. तिच्यासाठी आधी जीभ तयार करावी लागते आणि समोर भरलेलं ताट लागतं. एवढं जमवलं, तर चार मित्रांनी मिळून एक अख्खा दिवस खाण्यापिण्यात घालवायला उत्तर बव्हेरियात याहून चांगलं गाव नाही.

एर्लांगन, न्यूर्नबर्ग, हेर्त्सोगेनाउराख या पट्ट्यात नोकरीनिमित्त बरीच मराठी मंडळी आहेत, त्यांना तर हे गाव हाकेच्या अंतरावर. न्यूर्नबर्गहून रीजनल एक्सप्रेसने पाऊण तास लागतो, आणि एस-१ लोकल एर्लांगनवरून थेट बाम्बर्गला जाते. चार-पाच जण असाल तर बायर्न-टिकिट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं एका दिवसाचं तिकीट काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास होतो. मात्र आठवड्याच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालतं, आणि आयसीई या वेगवान रेल्वेगाडीत मुळीच चालत नाही. स्वतःची गाडी घेऊन जाऊ नका, कारण पुढे येईलच.

आधी हा धूर येतो कुठून ते बघू. बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मग भट्टीवर वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. पूर्वी ही भट्टी लाकडावरच चालायची, त्यामुळे धूर दाण्यात मुरणं नेहमीचंच होतं. धूर दाण्याला लागू न देता नुसत्या गरम हवेवर वाळवण्याची सोय झाली, तसा बाकी जगाने धूर सोडला. बाम्बर्गच्या श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल या दोन ब्रुअरींनी तो सोडला नाही. दोघी आजही स्वतःचं माल्ट स्वतः, बीच झाडाच्या लाकडावर वाळवतात. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निन या घटकापासून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं तयार होतात, आणि धुरकट वास येतो तो त्यांचाच. बाहेरून अर्क घालण्याचा प्रकार नाही. जगभरच्या छोट्या ब्रुअरींना धुरकट माल्ट पुरवणारी वायरमान ही कंपनीही याच गावची, १८७९ सालची. क्राफ्ट बिअरवाल्यांना आज ज्याचं कौतुक वाटतं, ते इथे रोजचं पेय म्हणून कधी थांबलंच नाही.

आता क्रम. स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की ओबेरे क्योनिगश्ट्रासे हा रस्ता लागतो. तिथे दोन ब्रुअरी अगदी समोरासमोर आहेत: एका बाजूला फेस्ला, १६४९ सालची, आणि दुसऱ्या बाजूला श्पेत्सियाल, १५३६ सालची. सुरुवात फेस्लापासून करा. तिच्या बिअरला धूर नाही, आणि नेमका म्हणूनच हा पहिला मुक्काम. फ्रांकोनियन, म्हणजे उत्तर बव्हेरियाच्या या भागातल्या माल्टची मूळ चव कशी असते, हे आधी कळलं तरच धुराने तिचं काय होतं ते पुढे कळणार. इथली लागरबिअर साडेपाच टक्के अल्कोहोलची, सोनेरी, भाकरीच्या पापुद्र्यासारख्या खरपूस वासाची आणि शेवटी हलकी कडू. कडवटपणा आवडत असेल तर गोल्ड-पिल्स घ्या. त्स्वेर्गला ही सहा टक्क्यांची गडद बिअर चांगली आहे, पण सकाळी नको. ८.५ टक्क्यांची बाम्बर्गाटोर तर त्या दिवसापुरती विसरा. ती प्यायली की पुढच्या दोन ठिकाणांची चव समजत नाही. आत टेबल मिळालं नाही तरी बिघडत नाही, कारण प्रवेशाच्या बोळात उभ्याने पिणं ही इथली जुनी पद्धत आहे आणि गावकरी तसेच उभे असतात.

फेस्लाच्या बिअरबरोबर ब्लाउए त्सिप्फेल खावं. कच्चे सॉसेज व्हिनेगर, पांढरी वाइन, भरपूर कांदा, तमालपत्र आणि ज्युनिपरच्या दाण्यांच्या पाण्यात मंद आचेवर शिजवतात आणि त्याच रश्श्यात खोलगट ताटलीत वाढतात. पाणी उकळलं की सॉसेज फुटतात आणि रस्सा चरबीने गढूळ होतो. तेव्हा रस्सा नितळ आणि सॉसेज अखंड असले तर स्वयंपाकघरात लक्ष आहे असं समजा. आंबट रश्श्यात ब्रेड बुडवून खाताना साधी लागर छान लागते. धुरकट बिअर मात्र या आंबटपणाशी भांडते.

मग रस्ता ओलांडून श्पेत्सियाल. इथली राउखबिअर लागर तांबूस, पाच टक्क्यांच्या किंचित खाली, आणि धूर बेताचा, कारण माल्टचा काही भागच धुरावर वाळवलेला असतो. नवख्या माणसाला राउखबिअर कळायची असेल तर ती इथेच कळते. आधी गोडसर माल्ट लागतं, धूर मागून येतो आणि घोट गिळल्यावर नाकात रेंगाळतो. आमच्या मते गावातली सगळ्यात समतोल बिअर हीच. श्लेंकर्लाचं नाव मोठं आहे, पण रोज प्यायची झाली तर ही.

दुपारचं मुख्य जेवण इथे, आणि यादीत असेल तर शॉयफर्लाच. डुकराच्या खांद्याचा हा मोठा तुकडा फावड्याच्या आकाराच्या हाडासकट येतो, वर कातडी. कातडीला चौकटीच्या चिरा देऊन, जिरं-शहाजिऱ्याच्या वळणाचं कॅरवे आणि मीठ चोळून तो अडीच-तीन तास ओव्हनमध्ये भाजतात. खाली पातेल्यात कांदा, गाजर, हाडं आणि गडद बिअर असते, त्याचीच ग्रेव्ही होते. परीक्षा सोपी आहे. सुरीच्या पाठीने कातडीवर टकटक करा. टणक, पोकळ आवाज आला पाहिजे आणि मांस काट्याने ओढलं की हाडापासून सुटलं पाहिजे. कातडी चिवट लागली तर तुकडा ग्रेव्हीत ठेवून किंवा झाकून गरम राखलेला असतो. वाफेने कुरकुरीतपणा जातो आणि तो पुन्हा येत नाही. म्हणूनच शॉयफर्ला दुपारी खावं, शक्यतो रविवारी, कारण तेव्हा ते ओव्हनमधून ताजं निघत असतं. रात्री नऊ वाजता मागवून नशिबाला दोष देऊ नये. एक तुकडा दोन जणांना पुरतो. जास्तीची ताटली मागितली तर मिळते.

सोबतचा क्लोस म्हणजे बटाट्याचा मुठीएवढा गोळा, काही कच्चा किसलेला आणि काही उकडलेला बटाटा मिसळून केलेला, मध्ये तळलेल्या पावाचे तुकडे. तो सुरीने कापायचा नाही. सुरीने कापलेली बाजू गुळगुळीत होते आणि ग्रेव्ही शोषत नाही. काट्याने फाडला की खडबडीत कडा ग्रेव्ही पिऊन घेतात. चांगला क्लोस दाबला की उसळून येतो. पिठूळ किंवा डिंकासारखा चिकट असेल तर तयार पीठ वापरलंय किंवा गोळा पाण्यात फार वेळ पडून राहिलाय.

जेवणानंतर चाला. नदी ओलांडून जुन्या गावात शिरायला पंधरा मिनिटं लागतात. हे जुनं गाव १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण घाई नको. दोन-तीन तास फिरा, कॅथीड्रलची टेकडी चढा, भरपूर पाणी प्या. श्लेंकर्लाला संध्याकाळी पोहोचलं तरी चालतं.

डोमिनिकानरश्ट्रासे ६. लाकडी तुळयांचं, काळवंडलेल्या छताचं बैठं दालन. इथली मुख्य राउखबिअर मेर्त्सन ५.१ टक्क्यांची, जवळजवळ काळी, आणि इथे ती लाकडी पिंपातून नळ ठोकून, पंपाच्या गॅसशिवाय, नुसत्या गुरुत्वाकर्षणाने ओततात. म्हणून फेस जाड येतो आणि बुडबुडे कमी. बाटलीतल्या बिअरपेक्षा ती गुळगुळीत लागते. पहिला वास चढाच असतो. माल्ट पूर्णपणे धुरावरचं आहे, त्यामुळे नाकाला आधी धुरवलेलं मांसच जाणवतं. पण नाक एका वासाला लवकर सरावतं. अर्धा ग्लास संपेपर्यंत धूर मागे सरकतो आणि त्याखालचं भाजकं, किंचित गोड माल्ट पुढे येतं. तिसऱ्या ग्लासात खरी चव कळते असं गावकरी म्हणतात. श्पेत्सियालमार्गे आलात तर ते पहिल्याच ग्लासात होतं, आणि आमच्या क्रमाचा सगळा मुद्दा हाच आहे. उलट क्रमाने गेलात तर श्पेत्सियाल बेचव लागेल आणि पिल्स पाण्यासारखी.

अजून एक: ही बिअर बर्फगार मागू नका. सात-आठ अंशांना ती बरोबर असते. फार थंड असेल तर माल्ट दबतं आणि नुसता धूर अन् कडूपणा उरतो.

इथला प्रसिद्ध पदार्थ बाम्बर्गर त्स्विबेल. मोठा कांदा पोखरून त्यात डुकराचा खिमा भरतात, वर बेकनची पट्टी, राउखबिअरची ग्रेव्ही आणि बाजूला बटाट्याचं मॅश. पदार्थ उत्तम, पण मेर्त्सनबरोबर नको. बेकनचा धूर, ग्रेव्हीतला धूर आणि ग्लासातला धूर एकावर एक चढून चव एकसुरी होते. त्याऐवजी इथलीच फिक्या रंगाची हेलेस लागर मागवा. तिच्यात धुरकट माल्ट नसतं, तरी त्याच भांड्यांत तयार होत असल्याने पुसटसा धूर उतरतो. कांद्याचा गोडवा तिच्याबरोबर खुलतो. मेर्त्सनला हवा तो कोरडा, खारट आणि चरबीचा सोबती: चीज, ब्रेड, थंड भाजलेलं मांस. हंगामाप्रमाणे बघायचं तर ऑक्टोबरपासून साडेसहा टक्क्यांची उरबॉक येते, आणि नाताळच्या सुमाराला ओकच्या लाकडावर वाळवलेल्या माल्टची आठ टक्क्यांची डोपेलबॉक. ओकचा धूर बीचपेक्षा मऊ असतो. दोन्ही मिळाल्या तर एकेक ग्लास चौघांत फिरवा.

शाकाहारी मित्र बरोबर असेल तर आधीच सांगून ठेवतो, कारण इथे फसगत सहज होते. क्लोस शाकाहारी, पण 'क्लोस आणि ग्रेव्ही' मागितलं तर ग्रेव्ही मांसाच्या रसाचीच येते. बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुधा मांसाचा स्टॉक असतो. कोबी आणि सावरक्राउटमध्ये बेकन घालायची पद्धत आहे. खात्रीने चालणाऱ्या गोष्टी दोन: गेरुप्फ्टर, म्हणजे कॅमेम्बेर चीज लोण्यात, कांदा-पाप्रिकासह कुस्करलेलं, आणि त्सिबेलेसकेस, म्हणजे ताज्या दह्यासारख्या चीजमध्ये बारीक चिरलेला कांदा आणि हिरवी पात. दोन्ही काळपट ब्रेडवर जाड थर लावून खायच्या. मलईतले मश्रूम आणि क्लोस हीही चांगली जोडी, फक्त बेकन नाही ना हे विचारून घ्या. गोमांस न खाणाऱ्यांनी त्स्वेचगेनबामेस टाळावं. पातळ कापलेलं ते सुकं मांस दिसायला डुकराच्या हॅमसारखं असलं तरी गाईचं असतं.

उन्हाळ्यात बेत थोडा बदला. श्टेफान्सबर्ग टेकडीच्या पोटात बिअर थंड ठेवायची जुनी तळघरं आहेत आणि त्यांच्यावर झाडांखाली बाकं टाकून केलेल्या बागा. श्पेत्सियालच्या बागेतून कॅथीड्रलसह अख्खं गाव दिसतं. ऊन असेल त्या दिवशी संध्याकाळ तिथे घालवा. बिअर तीच, पण ग्लास स्वतः खिडकीवरून आणावा लागतो. पाऊस आला की बाग बंद, म्हणून हवामान बघूनच चढा.

टेबलाचे काही शिरस्ते. अर्ध्या लिटरला इथे झायडला म्हणतात. निघताना शेवटचं थोडंसंच हवं असेल तर श्निट मागा. कमी बिअर, जास्त फेस, कमी पैसे. टेबलावर श्टामटिश अशी पाटी असेल तर तिथे बसू नये, ते नेहमीच्या गिऱ्हाइकांचं असतं. बाकी मोठ्या टेबलांवर अनोळखी लोकांशेजारी विचारून बसणं अगदी सर्वमान्य आहे. टोपलीतला ब्रेड किंवा ब्रेत्सेल फुकट नसतो, खाल्लेले नग मोजतात. रोख पैसे ठेवा. बिल वेगवेगळं करून हवं असेल तर ते इथे कुणाला खटकत नाही, आणि टीप टेबलावर न ठेवता देतानाच रक्कम वाढवून सांगतात.

गाडीचं म्हणाल तर हिशोब असा: मेर्त्सनच्या एका झायडलात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. तीन ठिकाणी एकेक म्हणजे ६० ग्रॅम, आणि शरीर तासाला साधारण सात-आठ ग्रॅमच संपवतं. जर्मनीत गाडी चालवायची मर्यादा ०.५ प्रोमिल (रक्ताच्या हजार भागांत अर्धा भाग अल्कोहोल), नव्या लायसन्सवाल्यांना शून्य. त्यामुळे गाडी नकोच. रात्री राहायचं असेल तर फेस्ला आणि श्पेत्सियाल दोन्हींकडे वर खोल्या आहेत. मग दुसऱ्या दिवशी वुंडरबुर्ग भागात जाऊन मार्स ब्रॉयची बूच सैल ठेवून मुरवलेली, कमी बुडबुड्यांची 'ऊ' आणि समोरच्या केसमानची पिल्स हेही उरकता येतं.

भारतात बाटल्या न्यायच्या असतील तर कस्टममध्ये माणशी दोन लिटर दारू करमुक्त आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. चेक-इन बॅगेत, एकेक जाड मोज्यात घालून, कपड्यांच्या मधोमध. घरी पोचल्यावर दोन दिवस उभ्या ठेवा आणि फ्रीजमधून काढून दहा मिनिटांनी उघडा.