सीपॅक बघतोय वर्षभर, रिव्ह्यू देतोच

कॅनडाचं राजकारण फॉलो करायचं तर सीपॅक लावा, तिथल्या संसदेचं कामकाज दाखवणारं चॅनेल. पॅनेलवाल्यांचा कलकलाट नाही, सभागृह जसंच्या तसं दिसतं. १७ नोव्हेंबर २०२५ ला बजेटचं मतदान लाइव्ह बघितलं, ३४३ पैकी १७२ लागतात बहुमताला आणि पंतप्रधान कार्नींच्या लिबरल पक्षाकडे तेवढे नव्हतेच, त्यात एकेक खासदार उठून उभा राहतोय, नाव पुकारलं की खाली बसतोय, मी आपला बोटं मोजतोय! १७० विरुद्ध १६८, वाचलं सरकार, चौघं तटस्थ राहिले म्हणून बरं. मार्च २०२५ मधली लिबरल पक्षाच्या नेतेपदाची निवड मात्र फुसकी निघाली, कार्नींना पहिल्याच फेरीत जवळपास ८६ टक्के, मग भाषणंच फार. २०१७ ला विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेतेनिवडीत मतमोजणीच्या १३ फेऱ्या झालेल्या, तशी मजा नाही. फ्रेंच आलं की दुभाष्याचा आवाज ठेवा, सवय होते. साडेचार स्टार.